ती परत येईल तेव्हा किनारा असायला हवा



अण्णा नगरात राहणाऱ्या आपल्यापैकी कुणी ना कुणी अंदमानला जाऊन आलं असेल. बहुतेक जण विमानाने जातात, पण चेन्नईच्या बंदरातून अंदमानला आजही प्रवासी बोट सुटते आणि अडीच-तीन दिवसांत तिथे पोचते. सेल्युलर जेल, राधानगरचा किनारा, शहाळ्याचं पाणी, फोटो, आणि मग परत. त्याच्याही खाली, दक्षिणेला, निकोबार बेटं आहेत. तिथे पर्यटक जात नाहीत. आजची गोष्ट तिथल्या एका पाहुणीची आहे. ती हजारो किलोमीटर पोहत येते, रात्रीच्या अंधारात दीड-दोन तास किनाऱ्यावर थांबते आणि उजाडायच्या आत निघून जाते.

तिचं नाव लेदरबॅक. मराठीत म्हणायचं तर चामडी पाठीचं कासव. पृथ्वीवरच्या सगळ्या कासवांमध्ये हे सर्वांत मोठं. लांबी दीड ते दोन मीटर आणि वजन साधारण तीनशे ते पाचशे किलो. 1988 साली ब्रिटनमधल्या वेल्सच्या किनाऱ्याला लागलेल्या एका नराचं वजन नऊशे किलोच्या वर भरलं होतं. इतर कासवांसारखं कठीण कवच याला नसतं. पाठीवर जाड, काळं, चामड्यासारखं आवरण असतं आणि त्यावर उभ्या कंगोऱ्यांच्या रेघा असतात. एक हजार मीटरपेक्षाही खोल बुडी मारणारा हा प्राणी जगतो मात्र मुख्यतः जेलीफिशवर.

भारतात ही मादी अंडी घालायला नियमितपणे येते ती फक्त अंदमान-निकोबारला. त्यातही ग्रेट निकोबार, लिटल निकोबार आणि लिटल अंदमान ही तिची मुख्य ठिकाणं. म्हणून हा प्राणी साऱ्या समुद्राचा असला तरी त्याचं माहेर बेटावरचं आहे. माहेर टिकलं नाही तर पुढचं काहीच टिकत नाही.

बेटावर राहणं अवघड का?

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत बेटांचा इतिहास फार दुःखाचा आहे. मॉरिशस आणि रॉड्रिग्ज या बेटांवर एकेकाळी जमिनीवरची मोठी कासवं हजारोंनी होती. जहाजांवरचे खलाशी ती जिवंतच उचलून नेत. अशी कासवं बरेच दिवस अन्नपाण्याशिवाय तग धरतात, त्यामुळे प्रवासभर ताज्या मांसाची सोय होई. पाहता पाहता तिथल्या सगळ्या जाती संपल्या. हिंदी महासागरातल्या अल्दाब्रा बेटावरची कासवं तेवढी वाचली. त्यांना संरक्षण द्यावं म्हणून 1874 साली मॉरिशसच्या गव्हर्नरला एक पत्र गेलं, त्यावर चार्ल्स डार्विन यांचीही सही होती. आज अल्दाब्रावर सुमारे एक लाख कासवं आहेत. तिकडे गॅलापागोसमध्ये पिंटा बेटाचं शेवटचं कासव, ज्याला जग ‘लोनसम जॉर्ज’ म्हणायचं, ते 24 जून 2012 रोजी गेलं आणि त्याची जात त्याच्याबरोबर संपली.

बेटावरच्या प्राण्याला पळून जायला जागा नसते. मुख्य भूमीवरून माणसाबरोबर कुत्री, डुकरं, उंदीर येतात आणि अंड्यांवर तुटून पडतात. अंदमान-निकोबारमध्येही भटकी कुत्री कासवांची घरटी उकरतात. शिवाय बांधकामासाठी किनाऱ्यांवरची वाळू उपसली जायची. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने त्याला मोठा लगाम बसला. वाळू गेली की अंडी घालायची जागाच जाते. हे समजायला शास्त्रज्ञ असायची गरज नाही.

चेन्नईहून चालत निघालेला माणूस

या बेटांवरच्या कासवांची आपल्याला जी माहिती आहे, तिची सुरुवात आपल्याच शहरात झाली. रोम्युलस व्हिटेकर यांनी उभं केलेलं मद्रास स्नेक पार्क 1972 पासून गिंडीत आहे. पुढे 1976 साली रोम आणि झाई व्हिटेकर यांनी मामल्लपुरमच्या रस्त्यावर, वडनेम्मेली इथे मद्रास क्रोकोडाइल बँक सुरू केली. झाई या मुंबईचे पक्षिप्रेमी झफर फतेहअली यांच्या कन्या. स्नेक पार्कच्या त्या सुरुवातीच्या दिवसांत सतीश भास्कर नावाचा एक तरुण या मंडळींमध्ये सामील झाला. 1970 च्या दशकात मद्रासच्या किनाऱ्यावर रात्री चालत जाऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी शोधायची, अंडी सुरक्षित जागी हलवायची, ही रीत याच मंडळींनी पाडली.

नंतर भास्कर यांनी भारताचे किनारे पायी तपासायला घेतले. गुजरात, लक्षद्वीप, अंदमान, निकोबार. कुठे कोणतं कासव येतं, किती येतात, कोणत्या महिन्यात येतात, याची नोंद तोवर जवळजवळ नव्हतीच. जवळपास वीस वर्षांत ते चार हजार किलोमीटरहून जास्त किनारा चालले. आज मोबाइलवर नकाशा उघडला की बेटाचा प्रत्येक कोपरा दिसतो. त्यांच्यापाशी पाय होते, वही होती आणि थांबायची तयारी होती.

थांबणं म्हणजे किती थांबणं? लक्षद्वीपमध्ये सुहेली वलियकरा नावाचं निर्मनुष्य बेट आहे. तिथे हिरवं कासव अंडी घालतं ते नेमकं पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात त्या बाजूला होड्या जात नाहीत. म्हणून 1982 साली भास्कर पावसाळ्याआधीच त्या बेटावर उतरले आणि होड्या पुन्हा सुरू होईपर्यंत कित्येक महिने एकटे राहिले. तिथून त्यांनी पत्नीला एक पत्र लिहिलं, बाटलीत घातलं आणि बाटली समुद्रात सोडली. ती श्रीलंकेच्या एका मच्छीमाराला सापडली आणि त्या भल्या माणसाने पत्र पुढे पाठवून दिलं. पत्र पोचलं! गोष्ट ऐकायला गंमतीची वाटते. पण त्या घरात पत्राची वाट पाहत बसलेल्या माणसाचा विचार केला, तर या कामाची किंमत कळते.

अंदमानमधल्या साउथ रीफ नावाच्या छोट्याशा बेटावर ते हॉक्सबिल कासवांसाठी हंगामामागून हंगाम राहिले. हॉक्सबिल म्हणजे पोपटासारखी चोच असलेलं कासव. त्याच्या कवचाच्या सुंदर नक्षीपायी जगभर त्याची कत्तल झाली. फण्या, चष्म्याच्या फ्रेम, पेट्या, दागिने, सगळं त्यातून बनायचं. आज ही जात नामशेष होण्याच्या अगदी काठावर आहे. इंडोनेशियाच्या पश्चिम टोकाला नाही, तर पार पूर्वेच्या न्यू गिनी बेटावर जाऊनही त्यांनी लेदरबॅकवर काम केलं. पुढे ते गोव्यात स्थायिक झाले आणि मार्च 2023 मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्यावरचा ‘टर्टल वॉकर’ हा माहितीपट 2024 साली आला. कधी संधी मिळाली तर मुलांना घेऊन जरूर पाहा.

क्रोकोडाइल बँकेने 1990 साली दक्षिण अंदमानात वंडूर इथे एक संशोधन केंद्र उभं केलं. तिथल्या कामात करेन समाजाच्या लोकांचा मोठा वाटा आहे. हे लोक ब्रह्मदेशातून शंभर वर्षांपूर्वी अंदमानात आले. समुद्र आणि जंगल त्यांना हाताच्या रेषांसारखं ठाऊक. पुस्तकी शास्त्रज्ञांना किनाऱ्यावर टिकायला शिकवलं ते त्यांनी.

सुनामीने नेलेला किनारा

ग्रेट निकोबारच्या दक्षिणेला गालथिया नावाची नदी समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी जो किनारा आहे, तो लेदरबॅकचा भारतातला सर्वांत महत्त्वाच्या किनाऱ्यांपैकी एक. नोव्हेंबर ते मार्च हा हंगाम. मादी भरतीच्या रेषेच्या वर चढते, मागच्या पायांनी, ओंजळीने उपसावी तशी वाळू काढत, खोल खड्डा करते. शंभरच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते, वरची वाळू इकडेतिकडे उधळून माग पुसते आणि जाते. आठ-दहा दिवसांनी पुन्हा येते. एका हंगामात असं चार-सहा वेळा. मग दोन-तीन वर्षं त्या किनाऱ्याकडे फिरकत नाही.

26 डिसेंबर 2004. चेन्नईकरांना ही तारीख सांगावी लागत नाही. मरीनावर, पट्टिनपाक्कमला त्या सकाळी काय झालं ते अनेकांनी डोळ्यांनी पाहिलं. निकोबार तर भूकंपाच्या केंद्राच्या कितीतरी जवळ. ग्रेट निकोबारचं दक्षिण टोक चार मीटरहून अधिक खचलं. इंदिरा पॉइंटचं दीपगृह पाण्यात उभं राहिलं. निकोबारी लोकांची गावंच्या गावं वाहून गेली. हंगाम ऐन भरात होता, त्यामुळे गालथियाच्या किनाऱ्यावर कासवांच्या कामासाठी मुक्कामाला असलेली माणसंही त्या लाटेत गेली. आणि जिथे कासवं यायची, तो किनाराच उरला नाही.

पुढे जे घडलं ते मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. समुद्राने नेलेली वाळू समुद्रानेच हळूहळू परत आणून टाकली. काही वर्षांत किनारा पुन्हा तयार झाला आणि लेदरबॅक परत आल्या. आज तिथे हंगामात शेकडो घरटी मोजली जातात.

लिटल अंदमानमध्ये संशोधकांनी 2011 पासून काही माद्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रं बसवली. त्यातून कळलं, की अंडी घालून झाल्यावर काही जणी आग्नेयेला ऑस्ट्रेलियाच्या दिशेने जातात, तर काही पश्चिमेला मादागास्कर आणि मोझांबिकपर्यंत. म्हणजे ज्या वाळूवर आपला हक्क आहे असं आपण समजतो, तिच्यावर अर्ध्या महासागराची भिस्त आहे.

आता प्रश्न काय आहे?

ग्रेट निकोबारवर केंद्र सरकारचा मोठा प्रकल्प येतो आहे. गालथियाच्या उपसागरात मालवाहू जहाजांचं बंदर, शिवाय विमानतळ, वीजकेंद्र आणि नवं शहर. नोव्हेंबर 2022 मध्ये त्याला पर्यावरण मंजुरी मिळाली. त्यासाठी सुमारे 130 चौरस किलोमीटर जंगल वापरलं जाणार आहे. मलाक्काच्या सामुद्रधुनीजवळची ही जागा व्यापाराच्या आणि देशाच्या संरक्षणाच्या दृष्टीने मोलाची आहे, असं सरकारचं म्हणणं. ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. नकाशा पाहिला तर कुणालाही पटेल.

पण तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहा. गालथिया उपसागराला 1997 पासून वन्यजीव अभयारण्याचा दर्जा होता. जानेवारी 2021 मध्ये तो काढून घेण्यात आला. आणि त्याच महिन्यात सरकारनेच समुद्री कासवांसाठीचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, ज्यात याच भागातल्या किनाऱ्यांचं महत्त्व नोंदवलेलं आहे. एका हाताने नोंद, दुसऱ्या हाताने पुसणं.

यावर उत्तर असं दिलं जातं, की जवळच्या लिटल निकोबारवर लेदरबॅकसाठी वेगळं अभयारण्य केलं आहे, गालथियातही कासवांना यायला वाट मोकळी ठेवू. यात तथ्य किती? खरं सांगायचं तर लेदरबॅक इतर समुद्री कासवांइतकी हट्टी नसते. तोच तो किनारा धरून न बसता ती जवळपासच्या दुसऱ्या किनाऱ्यावरही जाते. म्हणून तर सुनामीनंतर ती तगली. पण तिच्या काही अटी आहेत. समोर खोल, मोकळं पाणी हवं. खडक आणि प्रवाळ टोचता कामा नयेत, कारण तिच्या पोटाला कवच नाही. वाळू रुंद आणि मऊ हवी. आणि रात्र काळोखी हवी. अशा जागा बेटावर मोजक्याच असतात. आपण अभयारण्याची पाटी दुसरीकडे लावू शकतो, वाळू कुठून आणणार?

सुनामीने किनारा नेला तेव्हा त्या जागी दुसरं काही उभं राहिलं नाही. जागा रिकामी होती, म्हणून वाळू परत येऊ शकली. तिथे धक्के, भराव आणि चोवीस तास जळणारे दिवे आले, तर परत यायला वाळूला जागा उरेल का, हा खरा प्रश्न आहे. बंदर हवं की नको यावर आपल्यात दोन मतं असू शकतात. आज अंड्यातून निघालेलं पिल्लू मोठं होऊन कित्येक वर्षांनी इकडे येणार. त्याची वाट पाहण्याइतका लांबचा विचार आपण करतो का, हे मात्र प्रत्येकाने स्वतःला विचारावं.

अण्णा नगरातून काय करता येईल?

‘आम्ही कुठे निकोबारला जाणार?’ असं मनात आलं असेल. जायची गरज नाही. चेन्नईच्या आपल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं येतातच. तमिळमध्ये समुद्री कासवाला ‘कडल आमै’ म्हणतात. विद्यार्थ्यांचं समुद्री कासव संरक्षण मंडळ 1988 पासून इथे काम करतं आहे. जानेवारी ते मार्च या काळात रात्री नीलांकरै ते बेझंट नगर असा पायी फेरा असतो. सर्वसामान्य लोकांनाही त्यात जाता येतं. मुलांना एकदा तरी न्या. कासव दिसेलच असं नाही. पण काळोखात सहा-सात किलोमीटर वाळू तुडवल्यावर, न दिसलेल्या कासवाबद्दलही मनात आदर निर्माण होतो.

याच किनाऱ्यावर जानेवारी 2025 मध्ये शेकडो मेलेली कासवं वाहून आली. ट्रॉलरच्या जाळ्यात अडकलं की कासवाला श्वास घ्यायला वर येता येत नाही आणि ते बुडून मरतं. तामिळनाडूत किनाऱ्यापासून पाच सागरी मैलांच्या आत ट्रॉलरला मासेमारीची परवानगी नाही. नियम आहे, तो पाळला जायला हवा. मासे विकत घेताना आपण प्रश्न विचारला, तर तो बाजारातून बंदरापर्यंत पोचतो.

कोकणातल्या वाचकांसाठी तर ही घरचीच गोष्ट. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावाने चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेबरोबर घरटी राखायला सुरुवात केली. जिथे पूर्वी अंडी खाल्ली किंवा विकली जायची, तिथेच आता कासव महोत्सव भरतो, पाहुणे घरोघरी उतरतात आणि गावाला चार पैसे मिळतात. ओडिशात 2021 साली खूण लावलेली एक रिडले मादी जानेवारी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली. देशाच्या एका किनाऱ्यावरून निघून, दक्षिणेच्या टोकाला वळसा घालून ती कोकणात आली. म्हणजे चेन्नईच्या समुद्रात आपण जे वाचवतो, ते कदाचित गुहागरचंही असतं.

आणखी दोन साध्या गोष्टी. अंदमानला किंवा कुठल्याही किनाऱ्यावर गेलात तर रात्री वाळूवर टॉर्च किंवा मोबाइलचा दिवा फिरवू नका. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात. पूर्वी उजेड फक्त समुद्रावर असायचा, आता तो रस्त्यावर असतो. आणि कासवाच्या कवचाची अंगठी, कंगवा, शोभेची वस्तू कुणी दाखवली तर घेऊ नका. भारतात येणाऱ्या समुद्री कासवांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सर्वोच्च संरक्षण आहे, त्यामुळे तो गुन्हाही आहे.

घरातल्या छोट्यांसाठी

बालमित्रांनो, कासवाचं पिल्लू मुलगा होणार की मुलगी, हे कोण ठरवतं माहीत आहे? वाळू! वाळू जास्त तापलेली असेल तर माद्या जास्त जन्मतात, थंड असेल तर नर. आता सांगा, पृथ्वी दरवर्षी तापत गेली तर काय होईल? नुसत्या माद्याच जन्मल्या तर पुढची अंडी कशी होतील? आजी-आजोबांना विचारा, आई-बाबांना विचारा. त्यांनाही पटकन उत्तर येणार नाही, पण तुम्ही मिळून शोधा.

हजार पिल्लांतलं एखादंच मोठं होतं, असा अंदाज आहे. बाकीची खेकडे, पक्षी, मासे खातात. हे निसर्गाचं गणित आहे आणि कोट्यवधी वर्षं ते जमलेलं आहे. ते बिघडतं ते आपण मध्ये हात घातला की. त्या हजारातली एक मादी आज कुठेतरी ऑस्ट्रेलियाच्या बाजूला जेलीफिश खात फिरत असेल. बंदर, मंजुरी, आराखडा यांतलं तिला काही ठाऊक नाही. नोव्हेंबर आला की तिला इकडची वाट आठवेल, एवढंच.

पुढच्या भागात भेटूच. तोवर तुमच्या गावच्या, तुमच्या किनाऱ्याच्या कासवांच्या आठवणी आम्हाला जरूर कळवा.